राखणीच्या कुत्र्याचे औषध आणि काचपात्रातील कसोटी

कोल्हापूर जिल्ह्यात शेतीची राखण माणसाच्या बरोबरीने कुत्रा करतो. पंचगंगेकाठचे उसाचे मळे असोत, पन्हाळा-शाहूवाडीकडील डोंगरउतारावरील भात-नाचणीची शेते असोत, की हातकणंगले तालुक्यातील धनगरांचे मेंढवाडे असोत. रात्री-अपरात्री रानडुकराची, कोल्ह्याची अथवा चोराची चाहूल प्रथम लागते ती त्यालाच. बैलासाठी बेंदूर आहे, गाईसाठी वसुबारस आहे. कुत्र्याच्या वाट्याला मात्र शिळ्या भाकरीपलीकडे फारसे काही येत नाही. तो आजारी पडला म्हणजे तर त्याची उपेक्षा अधिकच होते. म्हैस आटली तर शेतकरी त्याच दिवशी दवाखाना गाठतो. कुत्रा अंग खाजवून रक्तबंबाळ झाला तरी 'पावसाळा सरला की बरा होईल' असे म्हणून गोष्ट सोडून दिली जाते.

अशा कुत्र्यावर कोणते औषध किती द्यावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या काही दशकांत प्रयोगशाळांतून मोठे कार्य झाले आहे. कुत्र्याच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशी काचपात्रात जगवून त्यांच्यावर औषधाची परीक्षा घेण्याची ही पद्धती आहे. ती समजून घेतली असता आपल्या दारातील जनावरास औषध देताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे आपोआप ध्यानात येते.

इंजेक्शनाची जादू आणि तिची किंमत

पावसाळ्यात मळ्यावर दिसणारे एक चित्र पाहावे. आषाढात पाऊस लागतो. कुत्रा ओल्या गवतात, चिखलात व गोठ्याच्या कडेला पडून राहतो. अंगावर पिसवा व गोचिड्या होतात. तो पाठ खाजवू लागतो, पाय चावू लागतो, केस झडतात. कोणीतरी ओळखीचा मनुष्य एक इंजेक्शन टोचतो आणि दुसऱ्या दिवशी खाज थांबते! घरच्या मंडळींना हे औषध रामबाण वाटते. पंधरा-वीस दिवसांनी खाज पुन्हा सुरू होते, पुन्हा तेच इंजेक्शन दिले जाते. असे तीन-चार वेळा झाल्यावर कुत्रा खूप पाणी पिऊ लागतो, वारंवार लघवी करतो, पोट सुटते, पाय मात्र बारीक होतात. आणि अखेरीस सर्व अंगाला लूत लागून कातडी जाड, काळी व दुर्गंधीयुक्त बनते.

येथे घडलेले असते ते असे. बहुधा ते इंजेक्शन स्टेरॉइड वर्गातील औषधाचे असते. हे औषध वाईट नव्हे. योग्य वेळी ते प्राण वाचविते. परंतु ते खाजेचे कारण दूर करीत नाही, तर खाज निर्माण करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना गप्प बसविते. डेमोडेक्स नावाचा अतिसूक्ष्म किडा बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोड्या संख्येने राहतच असतो. प्रतिकारशक्ती जागी असेपर्यंत तो वाढत नाही. पहारेकरी झोपविले की त्याची संख्या बेसुमार वाढते व लूत सर्वांगावर पसरते. म्हणजे ज्या औषधाने आराम वाटला, त्यानेच रोगाला दार उघडून दिले.

तेव्हा खरा प्रश्न 'औषध चांगले की वाईट' हा नसून 'कोणाला, किती आणि केव्हा' हा आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी मोजमाप हवे.

शरीरातील राखणदार

कुत्र्याच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारणतः ६,००० ते १७,००० पांढऱ्या पेशी असतात. याच शरीराच्या राखणदार होत. त्यांच्यात निरनिराळी पथके असतात. काही पेशी जंतू दिसताच त्यांना गिळून टाकतात. लसीका पेशी मात्र ओळख पटवून काम करतात. त्यांपैकी बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर टी पेशी हुकूम देणाऱ्या व प्रत्यक्ष लढणाऱ्या असतात. टी पेशीला शत्रूची ओळख पटली म्हणजे ती इंटरल्यूकिन-२ नावाचे एक रसायन बाहेर सोडते. हे रसायन म्हणजे जणू गावची दवंडी. ती ऐकून त्या जातीच्या पेशी भराभर दुणावू लागतात.

ही व्यवस्था दोन प्रकारे बिघडते. एक तर ती दुर्बळ होते व मग साधा संसर्गही आवरत नाही. दुसरे म्हणजे ती आपल्याच घरावर उलटते. कुत्र्यात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडून टाकणारा एक गंभीर पांडुरोग आढळतो. त्यात हिरड्या पांढऱ्या-पिवळ्या पडतात, लघवी गडद होते व काही दिवसांत जनावर दगावू शकते. अशा वेळी राखणदारांना आवरणारी औषधे देणे अपरिहार्य ठरते. परंतु गोचिडीमार्फत पसरणाऱ्या बबेसिया व एर्लिकिया या रोगांतही कुत्रा असाच फिकट पडतो. तेथे रक्त न तपासता केवळ शक्ती दडपणारे औषध दिले तर रोगजंतूंना मोकळे रान मिळते. बाहेरून दिसणारे लक्षण एकच, पण आतील कारणे भिन्न. या घोळातच अनेक चांगले कुत्रे गमावले जातात.

दुधाच्या फॅटप्रमाणे रक्ताची घडी

प्रयोगशाळेतील पहिले काम म्हणजे रक्तातून या पेशी वेगळ्या काढणे. सुमारे १० मिलिलिटर रक्त त्यास पुरते. २० किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगात दीड लिटरहून अधिक रक्त असते. त्यामुळे इतके थोडे रक्त काढल्याने निरोगी जनावरास अपाय होत नाही. रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपारिन घालतात. हे हेपारिन १९१६ साली अमेरिकेतील एका वैद्यक विद्यार्थ्यास प्रथम आढळले ते कुत्र्याच्याच यकृतातून काढलेल्या अर्कात, ही योगायोगाची गोष्ट होय.

पुढील कृती कोल्हापूरच्या दूध उत्पादकास नवी वाटू नये. दुधाची फॅट काढण्याच्या जुन्या पद्धतीत गंधकाम्ल मिसळलेल्या दुधाची नळी यंत्रात गरगर फिरवीत आणि हलका स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या मानेत येई. रक्ताचेही तसेच करतात. विशिष्ट घनतेच्या, म्हणजे पाण्याहून किंचित जड अशा, साखरजन्य द्रावणावर रक्त अलगद ओततात व नळी सुमारे अर्धा तास फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये दुधाळ रंगाचे एक पातळ कडे दिसू लागते. टी व बी पेशी याच कड्यात असतात. नॉर्वेतील आर्ने बॉयम यांनी १९६८ साली ही पद्धती व्यवस्थित मांडली आणि आजही जगभर ती वापरली जाते.

ते कडे बारीक नळीने उचलून घेतात, धुतात व पेशी मोजतात. मोजताना एक निळा रंग मिसळतात. जिवंत पेशी रंगास आत घेत नाही. मेलेली पेशी निळी होते. बियाण्याची उगवणशक्ती तपासून मगच पेरणी करावी, तसाच हा प्रकार आहे. १० मिलिलिटर रक्तातून सुमारे १ कोटी पेशी मिळू शकतात. मग मीठ, साखर, जीवनसत्त्वे व रक्तजल असलेल्या पोषक द्रावणात त्या ठेवतात आणि ३७ अंश सेल्सियस उष्णतेच्या व ५ टक्के कर्बद्विप्राणिल वायू असलेल्या उबदार पेटीत जगवितात.

घेवड्याची हाक

एवढ्याने भागत नाही. पेशी शांत असतील तर औषधाने त्यांना शांत केले की नाही, हे कळणार कसे? राखणदार जागा झाला तरच त्याला झोपविणारे औषध पारखता येते. म्हणून पेशींना आधी जाणूनबुजून चेतवावे लागते, आणि त्यासाठी लागणारा पदार्थ थेट शेतातून येतो.

राजमा अथवा घेवड्याच्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. तोही याच कुळातला. कच्चा राजमा खाल्ल्यास वांत्या होतात त्या या प्रथिनामुळे, आणि म्हणूनच तो चांगला उकळून खावा लागतो. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल यांना असे दिसून आले, की रक्तातील तांबड्या पेशी काढून टाकण्यासाठी वापरलेल्या या घेवड्याच्या अर्कामुळे उरलेल्या पांढऱ्या पेशी आपोआप वाढू व विभागू लागतात. तोपर्यंत या पेशी पुन्हा विभागत नाहीत असाच समज होता. घेवड्याने तो खोटा ठरविला.

असेच दुसरे प्रथिन कॉन्कॅनाव्हॅलिन हे होय. आपल्याकडील अबईच्या शेंगांच्या जातकुळीतील एका शेंगेपासून ते मिळते. जेम्स समनर या शास्त्रज्ञाने १९१९ साली ते वेगळे केले. याच शेंगेतील यूरिएज हे विकर १९२६ साली स्फटिकरूपात मिळविल्याबद्दल त्यांना पुढे १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कुत्र्याच्या टी पेशींना जागे करण्यासाठी हे अबईच्या कुळातले प्रथिन विशेष उपयोगी पडते.

तुलनेचा वाफा

यापुढील मांडणी शेतावरील वाण-चाचणीसारखीच असते. भाताच्या नव्या वाणाची परीक्षा घेताना एका वाफ्यात नवा वाण व शेजारच्या वाफ्यात नेहमीचा वाण लावतात. प्रत्येकाच्या तीन-चार आवृत्त्या ठेवतात. प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तबकडीत ९६ खळगे असतात. प्रत्येक खळगा म्हणजे एक वाफा. त्यात १ ते २ लाख पेशी पेरतात. काही खळग्यांत नुसत्या पेशी, काहींत पेशी व चेतविणारे प्रथिन, आणि उरलेल्यांत पेशी, प्रथिन व औषध ठेवतात. औषध विरघळविण्यासाठी जो द्रव वापरला, तो द्रव एकटाही काही खळग्यांत घालून पाहतात. नाहीतर द्रवाचा दोष औषधाच्या माथी बसावयाचा. औषधाची मात्रा खळग्यागणिक पायरीपायरीने वाढवीत नेतात.

सुमारे तीन दिवसांनी फलित पाहतात. मोजण्याच्या रीती अनेक आहेत. पूर्वीपासून चालत आलेल्या रीतीत नव्या पेशीने किरणोत्सारी खूण असलेला घटक किती शोषला, ते मोजतात. दुसऱ्या रीतीत पेशींना आधीच चमकणारा रंग देतात. एका पेशीच्या दोन झाल्या म्हणजे रंगही निम्मा वाटला जातो, चार झाल्या की चौथाई. त्यावरून पेशी किती वेळा दुणावली ते यंत्र दाखविते. तिसऱ्या रीतीत दवंडीच मोजतात, म्हणजे द्रावणात इंटरल्यूकिन-२ किंवा इंटरफेरॉन-गॅमा किती सुटले, ते पाहतात. ज्या मात्रेस परिणाम निम्म्यावर येतो, ती मात्रा औषधाच्या जोराची खूण मानतात.

येथे एक चकवा आहे. पेशी मेल्या तरी वाढ थांबतेच. तणनाशकाने तण गेले, पण पीकही जळाले, तर त्या औषधास यशस्वी म्हणता येईल काय? म्हणून प्रत्येक मात्रेस किती पेशी जिवंत राहिल्या, हेही मोजावे लागते. पेशी जिवंत असून शांत झाल्या तरच ते प्रतिकारशक्तीस आवर घालणारे औषध. पेशी मरत असतील तर ते निव्वळ विष.

मातीतून आलेली औषधे

ज्यांची अशी परीक्षा घेतली जाते, त्यांतील दोन नामांकित औषधांचा जन्म मातीतच झाला आहे. स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९६९ साली नॉर्वेतील पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी मिळाली. त्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले. ते टी पेशीतील एका विकराला अडविते, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ तयारच होत नाही. दवंडीच पिटली जात नाही, मग गाव जमणार कसा? मनुष्यात मूत्रपिंडरोपण यशस्वी होण्यात या औषधाचा वाटा मोठा आहे. कुत्र्यांच्या ॲलर्जीजन्य त्वचारोगासाठी अमेरिकेत २००३ साली त्यास मान्यता मिळाली.

दुसरे औषध रॅपामायसिन. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर १९६४ साली गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने तेथील माती आणली. त्या मातीतील सूक्ष्म जीवापासून हे औषध वेगळे काढण्याचे काम माँट्रियल येथे डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या हातून झाले. फाळणीपूर्व हिंदुस्थानात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने कंपनीने काम बंद केल्यावरही त्या जिवाणूचा नमुना घरच्या शीतकपाटात जपून ठेवला होता. हे औषध दवंडी थांबवीत नाही. दवंडी ऐकूनही पेशीला दुणावू देत नाही. दोन्ही औषधांचे फळ वरवर सारखे, पण अडविण्याची जागा वेगळी. ही जागा कोणती, ते काचपात्रातील पेशींवरूनच उलगडले.

अलीकडील औषध ओक्लासिटिनिब हे होय. अमेरिकेत २०१३ साली कुत्र्यांच्या खाजेसाठी ते मान्य झाले. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत पोहोचविणाऱ्या इंटरल्यूकिन-३१ या रसायनाचे काम ते रोखते. काचपात्रातील प्रयोगांत असे दिसून आले आहे, की मात्रा वाढवीत नेली असता हे औषध टी पेशींची वाढही रोखू लागते. नेमून दिलेली मात्रा ओलांडू नये, वर्षाच्या आतील पिलास व गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यास ते देऊ नये, हा जो दंडक आहे, त्यामागील कारण यावरून सहज ध्यानात येईल.

औषध मोजावे की औषधाचे काम?

एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांना एकच मात्रा दिली तरी परिणाम सारखा होत नाही. एकाचे आतडे औषध अधिक शोषते, दुसऱ्याचे यकृत ते लवकर मोडते. सायक्लोस्पोरिन अन्नाबरोबर दिल्यास कमी शोषले जाते. मग रक्तातील औषधाचे प्रमाण मोजले तर काम भागेल, असे वाटते. परंतु अनुभव असा, की रक्तात औषध भरपूर असूनही एखाद्या कुत्र्याच्या पेशी आवरलेल्या नसतात, तर दुसऱ्यात थोड्या औषधानेही त्या पुरत्या दबलेल्या असतात. विहिरीला पाणी किती, यावरून पिकाला ओल किती मिळाली हे कळत नाही. त्यासाठी माती हातात घेऊन पाहावी लागते.

याच विचाराने अमेरिकेतील मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने एक चाचणी सिद्ध केली. औषध चालू असलेल्या कुत्र्याचे रक्त घेऊन त्यातील पेशींना चेतवितात आणि इंटरल्यूकिन-२ व इंटरफेरॉन-गॅमा यांची निर्मिती किती झाली ते मोजतात. निर्मिती पूर्वीसारखीच असेल तर मात्रा अपुरी. अगदी नाहीशी झाली असेल व कुत्र्यास बुरशीचा वा अन्य संसर्ग होऊ लागला असेल तर मात्रा जादा. अशा रीतीने औषध रोग्यास बेतून देता येते.

ही चाचणी गावोगावच्या दवाखान्यात होणारी नव्हे. तथापि तिच्यातून निघालेला बोध कोठेही उपयोगी आहे. शेजाऱ्याच्या कुत्र्याला जेवढे औषध लागू पडले, तेवढे आपल्या कुत्र्याला लागू पडेलच असे नाही, हाच तो बोध होय.

काचपात्राच्या मर्यादा

तबकडीतील खळगा म्हणजे सबंध कुत्रा नव्हे, हे शास्त्रज्ञही विसरत नाहीत. खळग्यात यकृत नसते, आतडे नसते, मूत्रपिंड नसते. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध यकृतातून गेल्यावरच कार्यक्षम होते. ते तसेच पेशींवर घातले तर निरुपयोगी वाटेल. प्रेडनिसोन या स्टेरॉइडचेही यकृतात प्रेडनिसोलोनमध्ये रूपांतर व्हावे लागते. उलटपक्षी, काचपात्रात नामी ठरलेले एखादे औषध पोटात घेतल्यावर रक्तापर्यंत पोहोचतच नाही. प्रयोगशाळेच्या कुंडीत जोमाने वाढलेले रोप शिरोळच्या काळ्या जमिनीत किंवा गगनबावड्याच्या पावसात टिकेलच, याची हमी कोण देईल? म्हणून काचपात्रातील कसोटी ही पहिली चाळणी होय, अखेरचा निकाल नव्हे.

पण ही चाळणी फार मोलाची आहे. मनुष्याच्या अवयवरोपणाचा मार्ग प्रथम कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविला. १९९० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जोसेफ मरे व डॉनॉल थॉमस यांना मिळाले. त्या दोघांच्याही कार्यास कुत्र्यांवरील प्रयोगांचा आधार होता. त्या काळी अनेक जनावरांना जीव द्यावा लागला, हे ऋण विसरून चालणार नाही. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांना होणारा त्रास घटवावा. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद झाली. दहा मिलिलिटर रक्तात अनेक औषधांची अनेक मात्रांनी परीक्षा होते आणि कुत्रा आपल्या जागी परत जाऊन भाकरी खातो, ही गोष्ट लहान नव्हे.

'शक्ती वाढविणारी' औषधे

प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आहेत, तशी ती चेतविणारीही आहेत. मेंढ्यांना जंतासाठी पाजले जाणारे लेव्हामिसोल मेंढपाळांच्या परिचयाचे आहे. हे जंतनाशक प्रतिकारशक्तीवरही परिणाम करते, असे १९७० च्या सुमारास दिसून आले. तथापि शक्ती खालावलेल्या जनावरात तो परिणाम दिसतो. धडधाकट जनावरास त्यापासून विशेष लाभ नाही आणि मात्रा वाढली तर विषबाधा होते.

आपल्या बांधावरील गुळवेलीचाही असाच अभ्यास झाला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेल व इतर आयुर्वेदीय वनस्पतींचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम आधुनिक पद्धतीने तपासला. त्याचबरोबर २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. वाद काहीही असो, 'वनस्पती आहे, मग अपाय कसला?' हा समज धरून कुत्र्यास काढे पाजणे योग्य नव्हे. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, त्याच्या शक्तीस आणखी चेतविणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

शेतकऱ्याने काय करावे

या सर्व विवेचनाचे सार मळ्यावरच्या व्यवहारात उतरविणे कठीण नाही.

कुत्र्यास खाज सुटली तर प्रथम अंग न्याहाळावे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात व मानेखाली गोचिड्या पाहाव्यात. गोचीडनाशक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावे. गोठ्यात फवारावयाचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नये. कुत्र्याची बसण्याची जागा कोरडी ठेवावी व भिंतीच्या भेगा बुजवाव्यात, कारण कुत्र्यावरील गोचीड त्यांतच अंडी घालते.

लूत दिसल्यास पशुवैद्याकडून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. ही तपासणी थोड्या वेळात व थोड्या खर्चात होते. तीवरून लूत कोणत्या किड्याची, हे कळते. लुतीचा एक प्रकार माणसासही खाज आणतो, म्हणून मुलांना अशा कुत्र्यापासून दूर ठेवावे.

हिरड्या फिकट दिसणे, ताप, गळाठा व गडद लघवी ही लक्षणे दिसताच रक्ताची तपासणी करावी. प्रथम काचपट्टीवर रक्त पाहावे, मग औषध ठरवावे. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

स्टेरॉइडचे इंजेक्शन पशुवैद्याखेरीज कोणाकडूनही घेऊ नये. पूर्वी कोणते औषध, केव्हा व किती वेळा दिले, त्याची नोंद घरच्या वहीत ठेवावी व ती पशुवैद्यास दाखवावी. बरेच दिवस चालू असलेले असे औषध एकाएकी बंदही करू नये. शरीराची स्वतःची तशी रसायने तयार करणारी ग्रंथी तोपर्यंत सुस्त झालेली असते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

कुत्र्यास पिसाळी रोगाची लस तिसऱ्या महिन्यात व नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे नियमित टोचून घ्यावी. लस म्हणजे राखणदारांना शत्रूची ओळख करून देणे. ज्या काळात राखणदार औषधाने दडपलेले आहेत, त्या काळात ही ओळख नीट पटत नाही. म्हणून अशी औषधे चालू असतील तर लस देण्यापूर्वी ते सांगणे अगत्याचे आहे. कोणत्याही कुत्र्याचा चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ दवडू नये.

अवघड रोग्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्याची सोय असते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईस परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे.

आरंभी वर्णिलेल्या मळ्यावरील कुत्र्याकडे पुन्हा एकदा वळावे. पहिल्या इंजेक्शनाऐवजी पहिल्याच दिवशी त्याची कातडी खरवडून पाहिली असती, गोचिड्या काढल्या असत्या आणि बसण्याची जागा कोरडी केली असती, तर पुढील चार महिन्यांचे हाल टळले असते. दूरदेशीच्या प्रयोगशाळेत तबकडीच्या खळग्याखळग्यांतून पेशी मोजणारा शास्त्रज्ञ जे करतो, त्याचे मर्म इतकेच, की औषध देण्याआधी पाहावे, दिल्यानंतर मोजावे आणि शेजारचा तुलनेचा वाफा कधी विसरू नये. ही सवय कोल्हापूरच्या शेतकऱ्याला नवी नाही. उसाला खत टाकताना, गुळाची काहील उतरविताना तो हेच करीत आला आहे. रात्रभर जागून त्याचा मळा राखणाऱ्या मुक्या सोबत्याच्या बाबतीतही त्याने ती सवय लावून घ्यावी, एवढेच.